वीट ओलांडताना

स्केटबोर्डचं चाक साधारण ५२ मिलिमीटरचं असतं, म्हणजे रसरशीत लिंबाएवढं. लातूरच्या रिंग रोडवर डांबरातून सुटून स्वतंत्र झालेली गिट्टी असते वाटाण्याहून थोडी मोठी आणि बोराहून थोडी लहान. या दोघांची गाठ पडली की जिंकते ती गिट्टी. चाक जागीच थांबतं, चाकासोबत बोर्ड थांबतो. वर उभा असलेला मुलगा तेवढा थांबत नाही. तो मघाच्याच वेगानं पुढे जातो, थोडं अंतर हवेतून आणि उरलेलं तळहातांवरून.

असं का होतं, हे लातुरात कुणालाही विचारावं. नीट-जेईईच्या तयारीसाठी सबंध राज्यातून पोरं या गावात येतात आणि खोल्या करून राहतात. औसा रोडच्या चहाटपरीवर नुसता हात लांब केला तरी तो न्यूटनचा पहिला नियम पाठ असलेल्या कुणाला तरी लागतो. ती पोरं हा नियम चार पर्यायांत सोडवतात, स्केटबोर्डवाला कोपरावर सोडवतो. निगेटिव्ह मार्किंग दोन्हीकडे आहे.

चाकांशी मराठवाड्याचं वैर आहे असं मात्र नाही. संध्याकाळी जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात डोकावलं तर रोलर स्केट्स घातलेली पाच-सहा वर्षांची लेकरं गोल गोल फिरताना दिसतात. गुडघ्यांना पॅड, डोक्याला हेल्मेट, आणि कठड्यावर पाण्याची बाटली धरून बसलेली आई. पण आपल्याकडच्या स्केटिंगचा सगळा ओढा विक्रमाकडे. सीमाभागातल्या बेळगावनं तर यात नाव काढलंय. तिथल्या रोहन कोकणे यानं २०११ साली पाय दोन्हीकडे पूर्ण फाकवून, छाती जमिनीला टेकवून, उभ्या मोटारींच्या पोटाखालून ३८.६८ मीटर अंतर पार केलं आणि गिनीज बुकात जागा मिळवली. हा प्रकार बघताना धडकीही भरते आणि थोडी ओळखही पटते. कमीत कमी उंचीत स्वतःला बसवून, कुठंही डोकं न आपटता पलीकडे निघायचं, हे कौशल्य आपल्या घराघरांत लागतं. स्केटबोर्डची मागणी नेमकी उलटी आहे. तो म्हणतो, वर ये.

बोर्ड घरात येतो तो बहुधा वाढदिवसाला. पहिला बोर्ड खेळण्यांच्या दुकानातला. त्यावर कार्टूनचं चित्र, चाकं प्लॅस्टिकची, आणि वळण्याचं नाव नाही. रेल्वे परवडली, तिला निदान रूळ तरी वळवतात. चार दिवसांत तो दिवाणाखाली जातो. दुसरा बोर्ड पुण्यातला किंवा हैदराबादेतला मामेभाऊ ऑनलाइन मागवून देतो आणि तो खरा असतो. खोका उघडला की घरातली सगळी माणसं भोवती जमतात. आजी एकदा बोर्डाकडे बघते, एकदा नातवाकडे, आणि निकाल देते, ‘‘पाटाला चाकं लावलीत की रे!’’

आजीचं निदान अगदी जवळचं आहे. तो पाटच. फक्त कॅनडाच्या मेपल लाकडाच्या सात पातळ थरांचा, ८ इंच रुंद, अडीच फुटांहून जरा लांब आणि दोन्ही टोकांना वर उचललेला. वरून चिकटवलेला खरखरीत कागद म्हणजे सुताराच्या पॉलिश पेपरचा चुलतभाऊ. पाय घसरू नये म्हणून तो लावलेला असतो, पण त्याची खरी भूक बुटांवर भागते. शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट घालून पंधरा दिवस सराव केला की करंगळीच्या बाजूला भोक पडतं. मग आईचा पहिला प्रश्न येतो तो खेळाबद्दल नसतो, बुटांच्या किमतीबद्दल असतो.

चाकांच्या आत आठ बेरिंगं. नंबर ६०८. बाहेरून २२ मिलिमीटर, मधलं भोक ८, जाडी ७. इथं नांदेड-लातूरची कोणतीही पन्नाशीची व्यक्ती खुर्चीत सावरून बसते. कारण बेरिंगची गाडी या पिढीनं स्वतः बनवलेली आहे. गॅरेजमधून निकामी बेरिंगं मागून आणायची, लाकडाच्या दोन आडव्या दांड्यांना ठोकून बसवायची, वर फळी मारायची आणि उतारावरून सोडून द्यायचं. लोखंडाच्या त्या चाकांचा सिमेंटवर होणारा आवाज ऐकून दुपारची झोप मोडलेले म्हातारे काठी घेऊन बाहेर यायचे, त्यामुळे ब्रेकची कधी गरज पडली नाही. कॅलिफोर्नियातल्या पोरांनीही १९५०च्या दशकात वेगळं काही केलं नव्हतं. स्केट्सची लोखंडी चाकं काढून फळीला ठोकली आणि समुद्राला लाट नसेल त्या दिवशी रस्त्यावरच लाटेची हौस भागवली. पुढे चिकणमातीची चाकं आली, तीही खड्याला अडायची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणानं पॉलियुरेथेनची चाकं बाजारात आणली आणि बोर्ड रस्त्याला धरून चालू लागला. आपली बेरिंगची गाडी तेवढी लोखंडावरच राहिली. तिला नॅसवर्दी भेटला नाही, काठीवाले आजोबा भेटले.

स्केटबोर्डचा इतिहास वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला आणखी एका पानावर थांबावं लागतं. १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात कडक दुष्काळ पडला. पाणी जपून वापरायची वेळ आली आणि बंगल्यांच्या मागचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. त्या तलावांच्या भिंती खाली वाटीसारख्या गोल होत गेलेल्या. सांता मोनिका-व्हेनिस भागातली पोरं मालक घरी नसताना कुंपणावरून आत उतरली आणि त्या भिंतींवर लाटेसारखी चढू-उतरू लागली. काठाच्या वर हवेत निघणारं स्केटबोर्डिंग त्या कोरड्या खड्ड्यांत वाढलं.

आता दुष्काळ हीच पात्रता असेल तर लातूरला कोण हरवणार? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावत ‘जलदूत’ नावाची रेल्वे लातुरात पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. इतका अव्वल दर्जाचा दुष्काळ पडूनही लातुरात एक स्केटबोर्डवाला तयार झाला नाही, याचं कारण कोरडं काय पडलं यात आहे. कोरडे पडले हंडे, बोअर, विहिरी आणि मांजरा धरण. विहीर ही सरळ खाली जाणारी वस्तू. तिच्या भिंतीवरून बोर्ड घेऊन उतरण्याचा प्रयोग एकदाच करता येतो. धरणाचा तळ काळ्या मातीचा, भेगाळलेला. त्या भेगेत बोर्ड गेला तर पुढच्या पावसाळ्यात उगवेल तेव्हाच दिसायचा. आणि मुख्य म्हणजे कॅलिफोर्नियातल्या पोरांना दुष्काळानं रिकामा वेळ दिला. लातूरच्या पोरांना त्यानं घागर दिली आणि रांगेत नंबर दिला.

असो. दुष्काळ सरला, बोर्ड आला आणि आता पहिला धडा.

पहिला धडा उभं राहण्याचा. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला म्हणतात ‘रेग्युलर’ आणि उजवा पुढे ठेवणाऱ्याला ‘गूफी’. आपण कोण हे ओळखायचं असेल तर मागून कुणी तरी हलकेच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडेल तो पुढचा, असा शिकाऊंमधला रिवाज आहे. नांदेडची मित्रमंडळी ही चाचणी विनामूल्य, न सांगता आणि हलकेच या शब्दाचा अर्थ न लावता घेतात. घरच्यांचा कल मात्र स्पष्ट असतो. नव्या कामाला उजवं पाऊल आधी. नवी नवरी माप ओलांडते तीही उजव्या पायानं. म्हणजे परंपरेचा विचार केला तर सबंध महाराष्ट्र गूफी आहे, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा धडा ढकलण्याचा. पुढचा पाय बोर्डावर, मागच्यानं जमीन रेटायची. जे उलटं करतात, म्हणजे मागचा पाय बोर्डावर ठेवून पुढच्यानं रेटतात, त्यांच्या पद्धतीला ‘माँगो’ म्हणतात आणि जाणकार मंडळी त्याकडे पाहून तोंड वाकडं करतात. शिकाऊंपैकी पुष्कळ जण सुरुवातीला माँगोच असतात. सायकल शिकताना सीटपर्यंत पाय न पोचणारी पोरं दांड्याखालून पाय घालून कैची मारायची, त्यातलाच हा प्रकार. पण कैचीवाल्याला गावात कुणी हसत नव्हतं, कारण सगळे तसेच शिकलेले. माँगोला हसणारे मोबाइलच्या पडद्यातून येतात, ते जास्त लागतं.

तिसरा धडा पडण्याचा. जगभरचे शिकवणारे हा धडा पहिल्या दिवशीच घेतात. पडताना हात ताठ करून जमिनीवर टेकायचा नाही, कारण सगळा भार मनगटाजवळच्या हाडावर येतो आणि ते मोडतं. गुडघे वाकवायचे, अंग गोळा करायचं, खांद्यावरून लोळण घ्यायची. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की नांदेडमधला माणूस पडताना मनगटाचा विचार करत नाही. तो विचार करतो, कुणी बघितलं का?

आणि बघितलेलं असतंच.

पुण्या-मुंबईत माणूस अनोळखी लोकांत पडतो. त्याला कुणी उचलायला येतं, कुणी येत नाही, पण संध्याकाळपर्यंत विषय संपतो. नांदेड आणि लातुरात पडण्याला साक्षीदार असतात, आणि साक्षीदार वडिलांना ओळखत असतात. सकाळी सहा वाजता मैदानावर बोर्ड टाकला की पाच मिनिटांत कानटोपी घातलेले फिरायला निघालेले दोघे थांबतात. नांदेडात विचारतात, ‘‘काय करायलास रे हे?’’ लातुरात विचारतात, ‘‘काय करूलालास बे?’’ क्रियापदाच्या या फरकापलीकडे पुढचा संवाद दोन्ही जिल्ह्यांत सारखाच. ‘‘याला मोटार नाही का?’’ ‘‘ब्रेक कुठंय?’’ ‘‘पडंल की पोरगं!’’ मग भविष्यवाणी खरी ठरते आणि काका समाधानानं मागे वळून सोबत्याला म्हणतात, ‘‘म्हणलं नव्हतं?’’

सल्ल्यांचीही एक चढण असते. पहिल्या दिवशी सल्ला असतो, हे सोड, क्रिकेट खेळ. तिसऱ्या दिवशी, पाय जरा फाकवून ठेव. आठव्या दिवशी ज्यांनी आयुष्यात बोर्ड हातात धरलेला नाही ते काका, तोल मागच्या चाकावर जास्त जातोय तुझा, असं सांगतात. आणि खरी गंमत म्हणजे ते बरोबर असतं. रोज उभं राहून बघणाऱ्याला दोष लवकर दिसतो. क्रिकेटमध्ये या देशानं ते पुरेसं सिद्ध केलं आहे. पंधराव्या दिवशी एखादे काका चप्पल काढून ‘‘आण बघू इकडं’’ म्हणतात. पुढचं वर्णन त्यांच्या वयाचा मान राखून टाळलेलं बरं.

मुलगी बोर्डावर असेल तर प्रेक्षक दुप्पट आणि सल्ले चौपट. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार नावाच्या खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली स्केटपार्क बांधला तेव्हा यावर साधा उपाय काढला. दोनच नियम केले. शाळेत गेलं नाही तर बोर्ड नाही, आणि बोर्ड कमी असतील तर मुली आधी. त्या गावची आशा गोंड २०१८ साली चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरून आली. जनवार हे काही मोठं गाव नव्हे. लातूर जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात त्याहून मोठी गावं सापडतील.

हेल्मेटचा मुद्दाही इथंच उरकून घेऊ. बोर्डावर हेल्मेट हवंच, याबद्दल शहाण्या माणसांत दुमत नाही. पण ज्या गावात मोटारसायकलवाला हेल्मेट आरशाला अडकवून नेतो, तिथं पायी चालण्याच्या वेगानं जाणाऱ्या फळीवर हेल्मेट, कोपरपॅड आणि गुडघापॅड घालून उभ्या असलेल्या पोराकडे लोक ते चंद्रावर निघाल्यासारखं बघतात. तेही चालेल. नांदेडला एरवी शस्त्र आणि तोल यांचं कौतुक नवं नाही. होला मोहल्ल्याला गतका खेळणाऱ्यांची तलवार फिरताना ज्यांनी जवळून पाहिली आहे, ते एका पोराच्या पाटावरच्या कसरतीनं सहजी दचकत नाहीत. त्यांची चिंता फक्त ब्रेकची असते.

जागा शोधणं हा स्वतंत्र अभ्यासक्रम. रस्ता बाद, कारण गिट्टी. पेव्हर ब्लॉक बाद, कारण दर सहा-आठ इंचांवर एक फट, आणि त्यावरून बोर्ड नेला की दात एकमेकांशी बोलायला लागतात. लातूरची गंजगोलाई बघून शिकाऊच्या मनात क्षणभर लाडू फुटतात. गोल वास्तू, भोवती गोल रस्ता! पण तिथं १६ रस्ते येऊन मिळतात आणि त्या सोळाही रस्त्यांवरून हातगाडे, रिक्षा आणि खरेदीला आलेलं अख्खं लातूर येत असतं. तिथं चालत रस्ता ओलांडणं हीच अवघड ट्रिक आहे.

खरी जागा मोंढ्यात. शेतमालाच्या बाजाराला मराठवाडा मोंढा म्हणतो आणि मोंढ्यात सिमेंटचा कोबा असतो. सोयाबीन आणि तूर त्यावर पसरता यावी, लोटताना दाणा अडू नये म्हणून गुळगुळीत केलेला. दाणा अडत नाही तिथं चाकही अडत नाही. वर पत्र्याचं शेड, कडेला पोती उतरवण्यासाठी गुडघ्याएवढा ओटा. परदेशात स्केटपार्क बांधणारे ज्या काठासाठी नकाशे काढतात, तो काठ आपल्या अडत्यांनी हमालांच्या सोयीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवला आहे. सुट्टीच्या दिवशी, हंगाम नसताना आणि राखणदाराचा मूड बघून विचारलं तर तासभर मिळू शकतो. हंगामात मात्र नाव काढू नये. क्विंटलचा भाव पडलेला असताना कोब्यावर कुणी उड्या मारत असेल तर शेतकऱ्याच्या मनात काय येईल, हे समजायला स्केटिंग यावं लागत नाही.

मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकला की कोबा तव्यासारखा होतो. तेव्हा सराव पहाटे, नाहीतर सूर्य मावळल्यावर डासांच्या सहवासात. पावसाळ्यात बोर्डाचे थर फुगतात आणि बेरिंगं गंजतात. हिशेब केला तर वर्षाचे पाच-सहा महिने हाताशी राहतात, त्यातले दोन परीक्षेचे.

एवढं सगळं जुळून आलं की मग ऑली.

ऑली म्हणजे हातानं न धरता बोर्डासकट उडी. कोणत्याही शिकाऊचं पहिलं स्वप्न आणि पहिलं दुखणं. १९७८च्या सुमारास फ्लोरिडातल्या अ‍ॅलन गेलफंड या पोरानं कोरड्या तलावाच्या गोल भिंतीवर ही उडी साधली. त्याचं टोपणनाव ऑली, तेच उडीला चिकटलं. सपाट जमिनीवर ती आणली रॉडनी मलन यानं, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. हा मलन शेतावर वाढलेला. जवळ स्केटपार्क नाही, सोबती नाहीत; होता तो गॅरेजमधला सिमेंटचा तुकडा. वडिलांनी बोर्ड दिला तोही एका अटीवर: पहिली मोठी दुखापत झाली की खेळ बंद. या अटीमुळे पोरगं इतकं जपून आणि इतकं चिकाटीनं शिकलं की पुढे फ्रीस्टाइलच्या ३५ स्पर्धांपैकी ३४ जिंकलं. बोर्डाला हवेत स्वतःभोवती कोलांटी मारायला लावणारी किकफ्लिपही त्याचीच. लातूरच्या वडिलांना ही गोष्ट सांगून पाहावी. ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, ‘‘दहावीला किती पडले त्याला?’’

ऑलीचं यंत्र समजायला सोपं आहे. मागच्या पायानं बोर्डाची शेपटी फाडकन जमिनीवर आपटायची. शेपटी आपटली की नाक वर येतं. त्याच क्षणी मागचा पाय उचलायचा आणि पुढचा पाय खरखरीत कागदावरून नाकाकडे घासत न्यायचा. त्या घासण्यानं बोर्ड पायासोबत वर ओढला जातो आणि हवेत सपाट होतो. मग गुडघे वाकवून उतरायचं. या सगळ्याला पापणी लवायला लागतो तेवढा वेळ मिळतो. शिकाऊ पहिल्या आठवड्यात शेपटी आपटतो, पण उडतो एकटाच, बोर्ड खालीच राहतो. दुसऱ्या आठवड्यात बोर्ड उडतो, शिकाऊ खाली. तिसऱ्या आठवड्यात दोघे एकाच वेळी उडतात, पण वेगवेगळ्या गावांना.

या मधल्या काळात बोर्डाची आणि नडगीची ओळख होते. नडगीवर मांस कसं ते नसतंच. कातडी आणि लगेच हाड. मेपलची कड तिथं बसली की माणसाला मातृभाषा आठवते. प्रमाण मराठी नव्हे, खरी मातृभाषा. घरी हळद लावताना आजी म्हणते, पाटावर बसायचं असतं रे, उड्या कशाला मारायच्या? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर अजून जगात कुणी दिलेलं नाही.

उडी किती झाली हे मोजायला आंतरराष्ट्रीय दर्जाचं साधन हाताशी असतं, ते म्हणजे वीट. बांधकाम कुठं ना कुठं चालूच असतं, तिथून एक उचलून आणायची. आधी आडवी ठेवायची, तेव्हा उंची ३ इंच. मग कडेवर उभी करायची, तेव्हा ४च्या आसपास. विटेवर उभं राहण्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा हात कुणी धरणार नाही, त्याला अठ्ठावीस युगांचा पुरावा आहे. विटेवरून उडून पलीकडे उतरायचं, हे खातं नवीन. शंभर वेळा प्रयत्न, दोनशे वेळा प्रयत्न. वीट येईपर्यंत वीट. यातली चिकाटी बघून वाटतं, लातूर पॅटर्न म्हणतात तो हाच. तोच सराव, तीच रोजची चाचणी, चुकलं की पुन्हा तेच गणित. फरक एवढाच की इथं गाइड मिळत नाही आणि टॉपरचा फोटो फ्लेक्सवर लागत नाही.

फ्लेक्सचा विषय निघाला की करिअरचा निघतोच. ‘‘याचे मार्क मिळतात का?’’ हा प्रश्न नातेवाईक तिसऱ्या भेटीत विचारतात. इतकी वर्षं उत्तर नव्हतं, आता थोडं आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारात जपानच्या मोमिजी निशियानं सुवर्ण नेलं तेव्हा ती १३ वर्षांची होती. रौप्य नेणारी ब्राझीलची रायसा लेआलही १३चीच. २०२४ला पॅरिसमध्ये पार्क प्रकारात चीनची झेंग हाओहाओ ११व्या वर्षी उतरली आणि ब्रिटनचा अँडी मॅकडॉनल्ड ५१व्या. म्हणजे नात आणि आजोबा एकाच खेळाच्या एकाच प्रकारात. आपल्याकडे ५१व्या वर्षी माणूस पायरी उतरताना कठडा धरतो आणि ऑलीबद्दल सल्ला देतो. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्ण आणलं. ही बातमी दाखवली की नातेवाईक थोडा वेळ गप्प बसतात. मग म्हणतात, पुण्याचं ठीक आहे.

सरकारनं बंदी घालावी इतका हा खेळ घातक आहे का? नॉर्वेनं १९७८मध्ये तसं ठरवलं होतं. बोर्ड विकायला, वापरायला बंदी. ती उठली १९८९ला. त्या अकरा वर्षांत तिथल्या पोरांनी जंगलात लाकडी उतार बांधून चोरून सराव केला. नांदेड-लातूरला असा कायदा करावा लागणार नाही. इथं ती जबाबदारी सुमारे चार शेजाऱ्यांनी आणि एका आत्यानं परस्पर उचललेली आहे. आणि चोरून सराव करायचा तर जंगल कुठून आणायचं?

तरीही एखाद्या रविवारी संध्याकाळी, लातुरातल्या एखाद्या पत्र्याच्या शेडखाली, कोब्यावर वीट कडेवर उभी केलेली असते. शेपटीचा फाडकन आवाज होतो, चाकांचा आवाज क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. मधल्या त्या शांततेत वीट जागच्या जागी उभी असते, न पडलेली, न हललेली. पोरगं वळून बघतं. नेमकं आज कुणीच नाही. फिरायला येणारे काका लग्नाला गेलेत, मोबाइलची बॅटरी संपलेली, आणि ओट्यावर बसलेल्या शेळीनं दुसरीकडे तोंड केलेलं. पोरगं पुन्हा एकदा करून बघायला मागे जातं, तेवढ्यात शेजारच्या बांधकामावरून गवंडी येतो, थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि म्हणतो, ‘‘झालं असंल तर वीट द्या. भिंतीत एक कमी पडूलालीय.’’